मुलगी स्वतःला ‘क्वीअर’ म्हणते तेव्हा

प्रश्न एका आईचा आहे. तिची २२ वर्षांची मुलगी परवा म्हणाली, “आई, मी क्वीअर आहे.” आईनं शब्दकोश उघडला, तर अर्थ दिसले ते ‘विचित्र, विक्षिप्त, संशयास्पद’. मग तिनं एका परिचितांना विचारलं. ते स्वतः समलिंगी आहेत, वयानं पासष्टीच्या पुढचे, १९८०च्या दशकात इंग्लंडला नोकरीला होते. ते एकदम म्हणाले, “ही शिवी आहे. मुलीला सांगा, हा शब्द वापरू नकोस.” आता आईला तीन गोष्टी हव्या आहेत: हा शब्द शिवी आहे का, मुलीला त्यातून काय सांगायचंय, आणि घरात, नातेवाइकांत बोलताना कोणता शब्द वापरायचा.

ताई, मी समुपदेशक आहे. लैंगिकता आणि लिंगभाव (म्हणजे स्वतःला बाई, पुरुष की आणखी काही मानणं) यांबाबतीत अल्पसंख्य असलेली माणसं आणि त्यांचे आईवडील यांच्याबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. तुमचे परिचित खरं बोलतायत आणि तुमची मुलगीही. तुम्हाला दोघांपैकी एकाची बाजू घ्यायची गरज नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: हा ‘मी’पासून सुरू होणाऱ्या वाक्यातला शब्द आहे. कुणी ‘मी क्वीअर आहे’ म्हटलं तर ते बिनतक्रार ऐकून घ्यावं. ‘तो क्वीअर आहे’ हे मात्र त्याला विचारल्याशिवाय म्हणू नये. असं का, ते समजायला या शब्दानं किती वेळा कूस बदलली ते पाहावं लागतं.

मुळात याचा लैंगिकतेशी काही संबंध नव्हता. सोळाव्या शतकापासून तो इंग्रजीत सापडतो, अर्थ चमत्कारिक, नेहमीच्या चाकोरीत न बसणारा. अंगात कसंतरी होत असलं की लोक ‘क्वीअर वाटतंय’ म्हणायचे. पैशाच्या अडचणीत सापडलेला माणूस ‘क्वीअर स्ट्रीट’वर आहे असं म्हणायची पद्धत होती. बनावट नाण्यांनाही हाच शब्द लावत. तुम्हाला शब्दकोशात दिसला तो हा सगळ्यात जुना थर.

लैंगिक अर्थाचा जुन्यात जुना पुरावा म्हणून नेहमी दाखवलं जातं ते १८९४ सालचं एक पत्र. क्वीन्सबरीचे नववे मार्क्विस (हा ब्रिटिश सरदारांचा किताब) जॉन डग्लस यांचा थोरला मुलगा त्या ऑक्टोबरात शिकारीला गेलेला असताना गोळी लागून गेला. हा मुलगा पूर्वी लॉर्ड रोझबेरींचा खासगी सचिव होता, आणि रोझबेरी तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान होते. दोघांच्या संबंधांबद्दल कुजबुज चालायची. मुलगा गेल्यावर थोड्याच दिवसांत या बापानं एक संतापाचं पत्र लिहिलं आणि रोझबेरी व त्यांच्यासारख्यांना ‘स्नॉब क्वीअर्स’ म्हटलं. याच माणसानं पुढच्या वर्षी, आपल्या दुसऱ्या एका मुलाशी लेखक ऑस्कर वाइल्ड यांच्या असलेल्या संबंधांवरून, वाइल्ड यांच्या क्लबात त्यांच्या नावानं अपमानाची चिठ्ठी ठेवली. त्यातून खटले उभे राहिले आणि मे १८९५ मध्ये वाइल्ड यांना दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. म्हणजे हा शब्द या अर्थानं कागदावर उतरला तोच तिरस्काराचा म्हणून.

पण पुढचा भाग बहुतेकांना माहीत नसतो, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात न्यूयॉर्कमधले कितीतरी पुरुष स्वतःहून स्वतःला ‘क्वीअर’ म्हणत. इतिहासकार जॉर्ज चॉन्सी यांनी त्या काळातल्या न्यूयॉर्कचा जो अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हे तपशीलवार आलंय. भडक, बायकी वागणाऱ्या पुरुषांना तेव्हा ‘फेअरी’ म्हणत. ज्यांना पुरुषांबद्दल आकर्षण होतं पण वागणं-बोलणं चारचौघांसारखं होतं, ते स्वतःला त्यांच्यापासून वेगळं काढायला ‘क्वीअर’ म्हणायचे. चौथ्या-पाचव्या दशकांत तरुण पिढी आली. तिला हा शब्द टोचायला लागला आणि तिनं ‘गे’ उचलला. म्हणजे तेव्हा जुनी माणसं ‘क्वीअर’ म्हणत होती आणि तरुण नाक मुरडत होते. आज तुमच्या घरापर्यंत जो वाद आलाय, तो पूर्वी एकदा नेमका उलट्या बाजूंनी झालेला आहे. ‘शिवीच पुढे ओळख बनली’ अशी सरळ गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, ती म्हणूनच अपुरी आहे. हा शब्द एकदा घेतला गेला, टाकला गेला, फेकून मारला गेला आणि मग परत उचलला गेला.

फेकून मारला गेला तो काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. अमेरिकेत १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या आदेशानं ‘लैंगिक विकृती’ हे केंद्र सरकारी नोकरीतून काढण्याचं कारण ठरलं आणि असंख्य लोकांची घरं उघड्यावर आली. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोन प्रौढ पुरुषांमधले खासगीतले संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. कायदा बदलला म्हणून रस्ता बदलला नाही. टोळक्यानं समलिंगी माणसाला गाठून बदडायचं, याला इंग्रजीत ‘क्वीअर-बॅशिंग’ असं नावच होतं.

तुमचे परिचित तिथे होते ती वर्षं तर फारच वाईट. एड्सची भीती पसरलेली, वर्तमानपत्रं आग ओकत होती, आणि १९८८ मध्ये ब्रिटिश सरकारनं ‘कलम २८’ आणलं. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये, असा तो कायदा. त्याच्या धाकानं शाळांमधले शिक्षक एकट्या पडलेल्या मुलाला धीर द्यायलाही कचरायचे. स्कॉटलंडमध्ये तो २००० मध्ये गेला, इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ मध्ये. त्या काळात रस्त्यावर पाठीमागून ‘क्वीअर’ असा आवाज आला की पुढे काय होणार हे माणसाला ठाऊक असायचं. म्हणून त्यांना ‘आता अर्थ बदललाय, तुम्हीही बदला’ असं कुणी सांगू नये. तो शब्द त्यांच्या अंगावर आलेला आहे, आणि तो आपल्याला लागू नये असं म्हणायचा त्यांचा हक्क शाबूत आहे.

आता त्याच वर्षांतली दुसरी बाजू. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. ती एड्सची पहिली अधिकृत नोंद. पुढची काही वर्षं माणसं मरत राहिली आणि सरकार जवळजवळ गप्प राहिलं. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘अ‍ॅक्ट अप’ ही आंदोलक संघटना उभी राहिली. त्याच आंदोलनातल्या काही जणांनी १९९० मध्ये ‘क्वीअर नेशन’ काढली, आणि त्या जूनच्या न्यूयॉर्कमधल्या प्राइड मोर्चात एक निनावी पत्रक वाटलं गेलं. त्याचं शीर्षकच ‘क्वीअर्सनो, हे वाचा’ अशा अर्थाचं होतं. हाच शब्द का, याचं उत्तर त्यात दिलेलं होतं. ‘गे’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आनंदी. पत्रक म्हणत होतं, की ‘गे’ शब्द चांगलाच आहे, पण सकाळी उठल्यावर आमच्यापैकी अनेकांच्या मनात आनंद नसतो, राग असतो. ज्यांनी वर्षभरात मित्रामागून मित्र पुरले होते, त्यांना सभ्य शब्द नको होता. ‘आम्ही इथे आहोत, आम्ही क्वीअर आहोत, सवय करून घ्या’ ही त्यांची घोषणा जगभर गेली. समोरच्याच्या हातातला दगड आपणच उचलून खिशात ठेवला, तर तो मारणार काय, असा तो हिशेब होता.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९९० मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ परिसरात अभ्यासक टेरेसा द लॉरेटिस यांनी एक परिषद भरवली आणि ‘क्वीअर थिअरी’ हा शब्दप्रयोग केला. ‘समलिंगी की भिन्नलिंगी’ ही कप्पेबंदी मुळात आली कुठून, कुणी ठरवलं काय नैसर्गिक आणि काय नाही, असे प्रश्न विचारणारी ही विचारशाखा. अमेरिकन तत्त्वज्ञ जुडिथ बटलर यांनी १९९३ मध्ये त्यात भर घातली: हा शब्द कायमचा कुणाच्या मालकीचा होऊ नये, तो पुन्हा पुन्हा वळवता यायला हवा. आणि द लॉरेटिस? चारच वर्षांनी त्यांनी आपलाच शब्दप्रयोग सोडून दिला. प्रकाशन व्यवसायानं तो पोकळ करून टाकलाय, असं त्यांचं म्हणणं होतं. मला त्यांच्या या निर्णयाबद्दल फार आदर वाटतो. एखादा शब्द आपल्याला प्रसिद्धी देत असताना तो खाली ठेवणं सोपं नसतं.

त्यानंतर ‘क्वीअर’ झपाट्यानं सौम्य झाला. ‘एलजीबीटी’च्या (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर यांची इंग्रजी आद्याक्षरं) शेवटी क्यू आला. अमेरिकेतल्या ‘ग्लाड’ या संस्थेनं २०१६ मध्ये पत्रकारांसाठीच्या आपल्या मार्गदर्शिकेत ‘एलजीबीटीक्यू’ असं लिहावं अशी शिफारस केली. (क्यूचा अर्थ काही ठिकाणी ‘क्वेश्चनिंग’, म्हणजे अजून स्वतःला शोधत असलेली व्यक्ती, असाही घेतात.) लांबलचक आद्याक्षरांपेक्षा एक शब्द सोयीचा, म्हणून विद्यापीठं, बातम्या, कंपन्यांची परिपत्रकं यांत तो सर्वांना पुरणारी छत्री झाला.

छत्रीबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती माझ्या आधी पुष्कळांनी केलेली आहे. मेक्सिकन-अमेरिकन लेखिका ग्लोरिया अन्सालदुआ स्वतःसाठी हा शब्द वापरायच्या, तरी १९९१ मध्येच त्यांनी बजावलं होतं, की या छत्रीखाली सगळ्या वंशांच्या आणि वर्गांच्या लोकांना कोंबलं जातं आणि त्यांच्यातले फरक पुसले जातात. अनेक लेस्बियन स्त्रिया म्हणतात, की आमच्या नावातली ‘स्त्री’ यात हरवते. आंतरलिंगी, म्हणजे जन्मतःच शरीराची लैंगिक लक्षणं ठरावीक चौकटीबाहेरची असलेल्या, कितीतरी व्यक्तींना आपलं नाव या यादीत का, हेच कळत नाही. आमच्या एका गटबैठकीत एका उत्साही तरुणानं सगळ्यांचं स्वागत ‘आपण सगळे क्वीअर’ असं केलं. कोपऱ्यात बसलेली एक ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मतः जिला मुलगा ठरवलं गेलं अशी बाई, उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं. “मला यात धरू नका,” म्हणाली, “मी बाई आहे. एवढं एक वाक्य लोकांनी ऐकावं म्हणून मी घर सोडलं. आता तुम्ही मला परत ‘वेगळी’ म्हणणार?” तो पोरगा गोरामोरा झाला. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण तिच्या नावाचा निर्णय त्यानं परस्पर घेतला होता. त्या दिवसापासून आमच्या बैठकीत ‘आपण सगळे’ नंतर कोणतंही विशेषण लावायचं नाही असा शिरस्ता पडला.

आता आपल्याकडचं. हा शब्द आपल्यापर्यंत पोचला तेव्हा त्याची जखम तिकडेच राहिली होती. मराठीत कुणाला ‘क्वीअर’ म्हणून मारहाण झालेली नाही. आपल्याकडे मारताना वापरले गेलेले शब्द वेगळे आहेत: बायल्या, छक्का, हिजडा. शाळेत, रेल्वेच्या डब्यात, घरातल्या भांडणात हेच शब्द येतात. त्यामुळे तुमच्या मुलीच्या कानाला ‘क्वीअर’ स्वच्छ लागतो, आणि तुमच्या परिचितांच्या कानाला लागत नाही. तैवानमध्येही असंच झालं. तिथे १९९०च्या दशकात या शब्दाचा उच्चार चिनी लिपीत उतरवताना जी अक्षरं निवडली, त्यांचा अर्थ ‘कूल पोर’ असा काहीसा होतो. अपमानाचा मागमूसही राहिला नाही.

या स्वच्छतेला एक किंमतही आहे. इंग्रजी शब्द घेतल्यानं घरच्या भाषेतल्या शिव्या जागच्या जागी राहतात. ‘मी क्वीअर’ म्हणणं शिकलेल्या, शहरी मुलांना जमतं. ज्यांना रोज ‘हिजडा’ ऐकावं लागतं, त्यांना त्याच शब्दाशी झुंजावं लागतं, कारण तो शिवी असतानाच त्यांच्या परंपरेचं, गुरू-चेल्यांच्या घराण्यांचं नावही आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपल्या मराठी आत्मकथनाच्या शीर्षकात तो शब्द उघडपणे लावला. त्याला जे बळ लागतं, ते इंग्रजी शब्द घेताना लागत नाही, हे माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी स्पष्ट सांगते.

तरीही ‘हे शहरी, उच्चभ्रू थेर आहे’ असं कुणी म्हणालं तर ते मला मान्य नाही. मुंबईत २००८ पासून ‘क्वीअर आझादी’ नावानं मोर्चा निघतो. त्यात निरनिराळ्या वस्त्यांतली, निरनिराळ्या थरांतली माणसं चालतात. २०१९ मध्ये संसदेनं ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, त्याच्या मूळ व्याख्येत ‘जेंडरक्वीअर’ (बाई किंवा पुरुष या चौकटीत न बसणारी व्यक्ती) हा शब्द किन्नर, हिजडा, अरवाणी आणि जोगता या परंपरागत नावांच्याच वाक्यात बसलेला होता. जगातल्या किती कायद्यांत अशी पंगत बसली असेल, मला शंका आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, पण त्याच निकालात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, की क्वीअर असणं हे शहरी किंवा उच्चभ्रू नाही आणि भारताला ते प्राचीन काळापासून परिचित आहे.

आता तुमच्या मुलीकडे येऊ. माझ्याकडे पहिल्या भेटीत एक फॉर्म भरायचा असतो. एकदा एका मुलीनं ‘लेस्बियन’ लिहिलं, खोडलं, ‘बायसेक्शुअल’ लिहिलं, तेही खोडलं, आणि शेवटी सगळ्यावर एक रेघ मारून बाजूला ‘क्वीअर’ लिहिलं. मी विचारलं, हाच का? ती म्हणाली, “बाकीच्या शब्दांत मला कुणावर प्रेम बसणार ते आत्ताच सांगावं लागतं. याच्यात नाही.” मला वाटतं, तुमच्या मुलीच्या पिढीतल्या पुष्कळांसाठी या शब्दाचं काम हेच आहे. ‘सर्वसाधारण’ म्हणतात त्यात मी नाही, एवढं तो ठामपणे सांगतो, आणि पुढचं उत्तर मोकळं ठेवतो. कुणासाठी तो आकर्षणाबद्दल असतो, कुणासाठी स्वतःच्या लिंगभावाबद्दल, कुणासाठी दोन्हींबद्दल. कुणासाठी त्यात राजकारण असतं: लग्न, कुटुंब, पुरुषपण-बाईपण यांच्या ठरलेल्या साच्यांना दिलेला नकार. तुमच्या मुलीसाठी यातलं काय, हे मी इथून सांगू शकत नाही. ते तिलाच विचारा.

पण विचारायचं कसं, ते महत्त्वाचं. ‘म्हणजे नक्की काय? मुली की मुलं?’ असं विचारलंत तर तिनं जे मोकळं ठेवलंय ते तुम्ही बंद करायला लावताय. त्यापेक्षा ‘हा शब्द तुला आपला कधीपासून वाटायला लागला?’ असं विचारून पाहा. याला उत्तर म्हणून आठवण येते, व्याख्या येत नाही. ‘हा तात्पुरता टप्पा आहे’ हे वाक्य कटाक्षानं टाळा. उद्या तिनं दुसरा शब्द घेतला, तरी आज ती खोटं बोलत होती असं होत नाही. आणखी एक, हे जरा कडक सांगते: कुणी ‘उपचार करून सरळ करून देतो’ म्हणाला, तर त्याच्या दारात पाऊल ठेवू नका. समलैंगिकता हा आजार नाही, असं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये जाहीर केलेलं आहे, आणि असले ‘उपचार’ करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

परिचितांना काय सांगायचं? त्यांना दुरुस्त करू नका. ‘तिनं हा शब्द स्वतःसाठी घेतलाय, तुमच्यासाठी मी तो वापरणार नाही,’ एवढं पुरे. जमलं तर दोघांची भेट घडवा, अर्थात दोघांनाही विचारून. त्यांनी काय सोसलं ते तिच्या पिढीला कुणी सांगितलेलं नसतं, आणि ती हा शब्द बिनधास्त उच्चारते ते ऐकून त्यांना काय वाटेल, तेही त्यांनीच ठरवावं.

घरात तिचाच शब्द वापरा. उच्चार चुकला तर ती सांगेल. वाक्यात तो विशेषणासारखा ठेवा: ‘ती क्वीअर आहे’ चालेल. ‘एक क्वीअर’, ‘हे क्वीअर्स’ असं नाम करून वापरलं की बाहेरच्या माणसाच्या तोंडी तो अजूनही खुपतो. नातेवाइकांना सांगायचं की नाही, कुणाला आणि केव्हा, हे ठरवणं तुमच्याकडे नाही, तिच्याकडे आहे. तिच्या परवानगीशिवाय मावशीलाही नाही आणि आजीलाही नाही. तिनं होकार दिला आणि आजीला इंग्रजी शब्द कळणार नसेल, तर नवा मराठी शब्द शोधत बसू नका. मराठीत ‘समलिंगी’ आहे, ‘पारलिंगी’ (ट्रान्सजेंडर) आहे, ‘तृतीयपंथी’ आहे, पण यातला प्रत्येक जण ‘क्वीअर’पेक्षा नेमकं काहीतरी सांगतो, आणि तुमची मुलगी कदाचित ते सांगत नसेल. आजीला काय सांगायचं ते वाक्य दोघी मिळून आधी ठरवा. ‘तिला बाकीच्यांसारखं लग्न-संसार असं ठरवून करायचं नाहीये, तिचं मन वेगळं आहे, आणि आम्ही तिच्याबरोबर आहोत’ इतकं साधं वाक्यही चालेल, मात्र ते बोलण्याआधी तिला एकदा म्हणून दाखवा. तिनं त्यातला एखादा शब्द बदलला, तर बदललेलंच वाक्य आजीला सांगा.